‘शक्ति’ आणि ‘ऊर्जा’ : एका शालेय परिभाषेचें परीक्षण

अमेरिकन मराठी मिशननें अहमदनगर (सन २०२४ पासून अहिल्यानगर) येथें इ. स. १८४२ च्या जूनमध्यें ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याचे आरंभींचे अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस आमची सूचना अशी कीं, तत्कालीन शास्त्रीय मजकुरांत ‘शक्ति’ शब्द आढळल्यास त्याचा अर्थ ‘ऊर्जा’ असा करण्याची घाई करूं नये. त्याच वर्षीं जर्मनींत मायर यानें उष्णता व गति यांच्या परस्पर रूपांतराविषयीं निबंध प्रसिद्ध केला; त्यांतहि त्यानें ‘क्राफ्ट’, म्हणजे बल याच अर्थाचा शब्द योजिला आहे. जी कल्पना युरोपांतच स्थिरावली नव्हती ती नगरच्या मजकुरांत वाचणें हा कालविपर्यास होय.

सन २०१६ मध्यें निघालेल्या बालभारतीच्या इयत्ता सहावीच्या पुस्तकांत बलाचें प्रकरण दहावें आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ हें अकरावें आहे. जुना घोटाळा त्यामुळें फिटला, हें स्तुत्य. परंतु कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा, ही रूढ व्याख्या आम्हांस पटत नाहीं. मराठींत काम म्हणजे श्रम. डोक्यावर हंडा घेऊन उभी राहिलेली बाई दमते, पण शास्त्रदृष्ट्या हंड्यावर घडलेलें कार्य शून्य! मुलास एका अनोळखी शब्दाऐवजीं दुसरा मिळतो, इतकेंच. शिवाय कोमट पाण्यांतील उष्णता सर्वच्या सर्व कार्यांत उतरवितां येत नाहीं. मग तिला ऊर्जा कां म्हणावें? ऊर्जेचें खरें लक्षण हिशेब जुळणें हें आहे, आणि जमाखर्चाच्या वह्या चाळणाऱ्या आमच्या वाचकांस तें निराळें समजावणें न लगे.

याला उदाहरण जिल्ह्यांतच आहे. अकोले तालुक्यांतील प्रवरेवरचें भंडारदरा धरण १९२६ मध्यें पुरें झालें. त्याची उंची सुमारें २७० फूट. जूल यानें १८५० मध्यें दिलेल्या मानाप्रमाणें ७७२ फुटांवरून पडलेलें पाणी एक फॅरेनहाइट अंश तापतें. तेव्हां इतर घट न धरितां, धरणाच्या उंचीवरून मोकळें कोसळणारें पाणी एक तृतीयांश अंशाहून किंचित् अधिक तापावें. तेंच पाणी चक्र फिरवून वीज देऊन गेलें, तर तितकें तापणार नाहीं. उणें पडलेलें तारेनें गेलें. शाळेंतील साध्या तापमापकावर हा फरक दिसणें कठीण. तो पाटीवरच काढावा लागेल.