आज्ञावलीचा आकार : एका मापनपद्धतीची चिकित्सा

धुलाईयंत्र, वीजमापक, मोटारगाडी ह्यांच्या पोटात बसविलेल्या लहान प्रोसेसरांसाठी आज्ञावली रचणाऱ्यास दोन प्रश्न टाळता येत नाहीत. आज्ञावली साठविण्यास किती जागा लागते, हा पहिला; आणि ती चालू असताना किती जागा लागते, हा दुसरा. हे दोन प्रश्न एक नव्हेत. तथापि कम्पायलरांची तुलना करणाऱ्या लेखनात पुष्कळदा पहिल्याचे उत्तर देऊन दुसराही सुटला असे गृहीत धरले जाते. ‘आकार अमुक टक्क्यांनी घटला’ एवढ्या विधानावर निष्कर्ष उभारले जातात. परंतु आकार कशाचा व कोणत्या मेमरीतला, ह्याचा खुलासा केलेला नसतो. ह्या पद्धतीतील दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या आर्डुइनो उनो ह्या बोर्डावरील एटीमेगा ३२८पी हा प्रोसेसर उदाहरणादाखल घेता येईल. त्यात आज्ञावलीसाठी ३२,७६८ बाइट फ्लॅश व चालू कामासाठी केवळ २,०४८ बाइट रॅम आहे. कम्पायलरने सिद्ध केलेल्या फाइलीचे माप जीएनयूच्या ‘साइज’ ह्या साधनाने घेतले, तर तीन आकडे मिळतात. ‘टेक्स्ट’ म्हणजे आज्ञा. ‘डेटा’ म्हणजे आरंभीच मूल्य दिलेली चले. आणि ‘बीएसएस’ म्हणजे आरंभी शून्य असावयाची चले. पुढे ‘डेक’ ह्या शीर्षकाखाली तिन्हींची बेरीज छापलेली असते, आणि घोटाळ्याचा उगम ह्या बेरजेतच आहे.

समजा, टेक्स्ट ६,०००, डेटा ३०० आणि बीएसएस ९०० बाइट आहेत. बेरीज ७,२०० येते. परंतु डेटाची आरंभीची मूल्ये फ्लॅशमध्ये ठेवावी लागतात आणि आज्ञावली सुरू होताच ती रॅममध्ये उतरविली जातात. म्हणजे डेटा दोन्हीकडे जागा व्यापतो. बीएसएसला फ्लॅशमध्ये जागा लागतच नाही. त्यामुळे फ्लॅशचा खरा व्यय ६,३०० बाइट आणि रॅमचा १,२०० बाइट होतो. ७,२०० हा आकडा ह्यांपैकी कोणत्याही मेमरीचे माप नव्हे. तो एका घरातील धान्य व दुसऱ्या घरातील पाणी ह्यांची बेरीज आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

ह्याहून ढोबळ चूक म्हणजे डिस्कवरील फाइलीच्या लांबीलाच आकार मानणे. इंटेल हेक्स स्वरूपाच्या फाइलीत १६ बाइटांची एक ओळ लिहिण्यास ४३ अक्षरे खर्ची पडतात. दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलीत दोषशोधनाची माहितीही भरलेली असू शकते. ती प्रोसेसरात कधी जात नाही.

प्रोसेसरच्या रचनेकडे दुर्लक्ष केल्यासही असाच भ्रम होतो. ‘स्थिरांक फ्लॅशमध्येच राहतात’ हा समज पुष्कळ प्रोसेसरांच्या बाबतीत खरा आहे. एटीमेगा ३२८पीमध्ये मात्र आज्ञा व माहिती ह्यांचे पत्ते वेगळे असल्याने जीसीसी कम्पायलर साधी अक्षरमाला रॅममध्येही उतरवितो. पडद्यावर दाखवावयाचे ४० इंग्रजी अक्षरांचे एक वाक्य शेवटच्या शून्यासह ४१ बाइट रॅम अडवून बसते. अशी पन्नास वाक्ये लिहिल्यास २,०५० बाइट होतात, म्हणजे सारी रॅम संपून वर दोन बाइटांची तूट! लेखकाने अक्षरमाला फ्लॅशमध्ये ठेवण्याची स्पष्ट आज्ञा दिली, तरच हा व्यय टळतो.

तुलनेतील दुसरा दोष ग्रंथालयांचा, म्हणजे तयार आज्ञासंग्रहांचा आहे. लहान चाचणी-आज्ञावलीत मुद्रणाचे एकच फलन वापरले, तरी त्याच्यासोबत येणारा आज्ञासमूह मूळ आज्ञावलीहून मोठा असू शकतो. एव्हीआर प्रोसेसरांच्या सी-ग्रंथालयात ह्या फलनाच्या लहान, मध्यम व अपूर्णांकांसह मोठी अशा तीन आवृत्त्या आहेत. एका कम्पायलरला लहान व दुसऱ्याला मोठी आवृत्ती मिळाली, तर तुलना कम्पायलरांची न होता ग्रंथालयांची होते. एकाने वेगासाठी व दुसऱ्याने आकारासाठी पर्याय निवडले असल्यास तीही तुलना निरर्थकच समजली पाहिजे.

तथापि सर्वांत गंभीर उणीव निराळीच आहे. वरील उदाहरणात रॅममधील ८४८ बाइट शिल्लक राहिले. ही शिल्लक म्हणजे बचत नव्हे. फलनांच्या स्थानिक चलांसाठी व परतीच्या पत्त्यांसाठी लागणारा स्टॅक ह्याच जागेत वाढतो. ‘साइज’च्या कोष्टकात त्याला स्तंभच नाही, कारण तो चालण्याच्या क्षणीच अस्तित्वात येतो. एटीमेगा ३२८पीत मेमरीचे रक्षण करणारी यंत्रणा नाही. स्टॅक मर्यादेबाहेर गेला, तर तो शेजारच्या चलांवर मुकाट्याने लिहितो. सूचना मिळत नाही, यंत्र केवळ चुकीचे वागू लागते.

ही भीती पुस्तकी नव्हे. २०१३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे एका मोटार-उत्पादकाविरुद्धच्या खटल्यात वादीच्या तज्ज्ञाने अशी साक्ष दिली, की इंजिन-नियंत्रकातील स्टॅकचा वापर उत्पादकाच्या हिशेबी ४१ टक्के होता, तर त्याच्या तपासणीत तो ९४ टक्के आढळला. शिवाय त्या हिशेबात न धरलेले पुनरावर्ती फलनही आज्ञावलीत होते. अपघाताचे कारण काय, ह्याचा निर्णय येथे अभिप्रेत नाही. एकाच आज्ञावलीच्या एकाच मेमरीविषयी दोन मापांत एवढे अंतर पडू शकते, हेच लक्षात घ्यावयाचे आहे.

मग स्टॅक मोजावा कसा? दोन मार्ग रूढ आहेत. जीसीसीला विशिष्ट पर्याय दिल्यास तो प्रत्येक फलनाचा स्टॅक-व्यय लिहून देतो; त्यावरून सर्वांत खोल आवाहनसाखळीची बेरीज करता येते, आणि तीत खंड-आज्ञांचा व्ययही मिळवावा लागतो. पुनरावर्तन किंवा फलनदर्शक असल्यास मात्र ही बेरीज अडते. दुसरा मार्ग म्हणजे स्टॅकची जागा आधी ठराविक संख्येने भरून ठेवणे आणि आज्ञावली चालल्यानंतर ती संख्या कोठवर पुसली गेली हे पाहणे. पूर ओसरल्यावर भिंतीवरच्या खुणेवरून पाण्याची उंची ओळखावी, तसाच हा प्रकार होय. परंतु ती खूण येऊन गेलेल्या पुराची असते, येऊ शकणाऱ्या पुराची नव्हे. पहिला मार्ग, तो पूर्ण करता आल्यास, वरची मर्यादा देतो, दुसरा खालची. सत्य ह्या दोहोंच्या दरम्यान असते, म्हणून एकाच मार्गावर विसंबणे योग्य नव्हे.

ह्या विवेचनावरून मापनाच्या वृत्तान्तात काय असावयास हवे, हे स्पष्ट होते. फ्लॅश व रॅम ह्यांचे आकडे पृथक् द्यावेत. कम्पायलरची आवृत्ती व पर्याय नोंदवावेत. ग्रंथालयांचा वाटा वेगळा दाखवावा. आणि स्टॅकचा अंदाज कोणत्या मार्गाने केला, हे सांगावे. एवढे नसलेला आकडा कितीही नेमका दिसला, तरी तो पुरावा ठरत नाही. आज्ञावली यंत्रात मावते, एवढ्याने ती यंत्रात टिकते असे सिद्ध होत नाही. आणि यंत्र वापरणाऱ्याचा संबंध येतो तो टिकण्याशी.