पडद्यावरचं कोकण, सावर्ड्यातून पाहताना

अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांत मला सर्वांत भावला तो 'दशावतार'. सुबोध खानोलकरांचा हा चित्रपट सप्टेंबर २०२५मध्ये आला. नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ८१व्या वर्षी उभा केलाय. बापाने आता रंगभूमी सोडावी असं मुलाला वाटतं, आणि बापाचा जीव मात्र त्या रंगात आणि वेशात अडकलेला. पूर्वार्धातलं हे बाप-लेकाचं नातं इतकं खरं आहे की तेवढ्यासाठी चित्रपट पुन्हा पाहावा. पुढे खाणीचा विषय येतो आणि गोष्ट ओळखीच्या सूडाच्या वाटेला लागते. तिथे ती थोडी सैल पडते. तरीही सूडाचं प्रत्येक रूप बाबुलीच्या कलेतूनच येतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा पुराणातली, पण संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. असं आयुष्य काढलेला माणूस संकटात काय करील, याचं उत्तर त्याच्या कलेतच सापडावं, हे मला फार पटलं.

आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' (२०२४) रंजक आहे, पण त्यातलं कोकण पिंपळ, समुद्र आणि भुताच्या पलीकडे फारसं जात नाही. 'रात्रीस खेळ चाले'ने २०१६पासून हीच वाट मळवली होती. त्या मालिकेने मालवणी बोली मात्र घराघरांत नेली, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

अविनाश अरुण यांच्या 'थ्री ऑफ अस'चं तसं नाही. स्मृती हरवू लागलेली शैलजा लहानपणीच्या वेंगुर्ल्यात परत येते. तिची शाळा, तिथली माणसं, जुनं घर बघताना कॅमेरा कुठेही 'बघा किती सुंदर' म्हणत नाही. याच दिग्दर्शकाच्या 'किल्ला'तला पाऊसही असाच, बदलीच्या गावी एकटा पडलेल्या मुलाच्या मनात कोसळणारा.

हे मला विशेष वाटतं, कारण पडद्यावर कोकणात बहुधा कायमचा जुलै असतो. इथे सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय आहे. चित्रकलेची मुलं बाहेर बसून निसर्गचित्रं करतात. मार्चमधला सडा रंगवायचा तर हिरवा रंग बाजूलाच ठेवावा लागतो: करपलेलं गवत, काळवंडलेला जांभा, भाजावळीचा धूर. कोकणातला माणूस वर्षाचा मोठा भाग याच रंगांत काढतो.

पुस्तकांत प्रवीण बांदेकरांची 'चाळेगत' आणि साहित्य अकादमी मिळालेली 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' लागोपाठ वाचल्या. दुसरीत कळसूत्री बाहुल्यांचा खेळच निवेदनाची रीत होऊन बसतो. आजच्या भयाबद्दल इतक्या धीटपणे बोलणारं मराठीत कमीच वाचायला मिळतं. मग श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) पुन्हा काढली. जगबुडीच्या काठची ती खोतांच्या पिढ्यांची कथा आजही सोडवत नाही.

ही वाचताना एक गोष्ट खुपली. पेंडशांनी दापोली-खेडचा मुलूख कादंबरीत आणला. आज मात्र चित्रपट, मालिका, कादंबरी सगळ्यांचा ओढा तळकोकणाकडे आहे. याला कारणही आहे. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ने मालवणीला मुंबईचा प्रेक्षक मिळवून दिला, आणि दशावताराची मंडळं वर्षातले कितीतरी महिने गावोगाव फिरतात. आमच्या चिपळूण-संगमेश्वरकडचं नमन-खेळे शिमग्याशी बांधलेलं, जाखडी गणपतीशी. आमच्या संगमेश्वरी बोलीला 'वस्त्रहरण'सारखं नाटक अजून मिळालेलं नाही.

पण सामग्री काय कमी आहे? दशावतारातला संकासुर आमच्या खेळ्यांतही आहे. काळा वेश, निमुळती उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो अंगणात आला की लहान पोरं आईच्या पदरामागे दडतात. आणि खेळे करणारे कितीतरी जण वर्षभर मुंबईत नोकरी करतात. तालीम तिथल्याच एखाद्या खोलीत, दिवसाची पाळी संपल्यावर. मग शिमग्याची रजा मिळवण्यासाठी साहेबाची मनधरणी, कोकण रेल्वेच्या गर्दीत मृदंग सांभाळत गावाकडे, आणि पालखी नाचवून झाली की पुन्हा कामावर. मला ही गोष्ट पडद्यावर पाहायची आहे, संगमेश्वरी बोलीतच, आणि ऐन मार्चच्या उन्हात चित्रित केलेली.