तिजोरी भक्कम आहे, पण खिडकीचे काय?

मंडणगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची आजी शिधावाटप दुकानात येते, ई-पॉस यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवते आणि धान्य घेऊन घरी जाते. अशाच दुसऱ्या यंत्रावर अंगठा टेकवून ती बँकेच्या खात्यातले पैसेही काढते. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून हा अंगठा इतका सवयीचा झाला आहे, की काचेखाली त्याचे पुढे काय होते हे विचारण्याचे आपण सोडूनच दिले आहे. परवलीचा शब्द चोरीस गेला तर नवा घेता येतो. अंगठा मात्र जन्मभर तोच राहतो. म्हणून हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने अशा नोंदणीकृत यंत्रांच्या दोन पातळ्या ठरवल्या. शून्य पातळीच्या यंत्रात ठशाचे सांकेतिक रूपांतर आणि त्यावरची अंकीय सही ही कामे यंत्र ज्याला जोडलेले असते त्या संगणकाच्या किंवा फोनच्या नेहमीच्या कार्यप्रणालीत होतात. पहिल्या पातळीच्या यंत्रात हीच कामे एका वेगळ्या, बंदिस्त भागात होतात. तज्ज्ञ त्याला ‘ट्रस्टेड एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. आपण त्याला ‘आतली खोली’ म्हणू. ही सुधारणा योग्य दिशेची आहे याबद्दल दुमत नाही. आमची टीका आहे ती ही खोली ज्या रीतीने समजावून सांगितली जाते त्यावर, आणि पुष्कळदा ज्या रीतीने बांधली जाते त्यावरही.

लोकांसाठी लिहिलेल्या माहितीत बहुधा तिजोरीचे चित्र असते. भिंती जाड, किल्ली आत. सबब सारे सुरक्षित. पण जिला एकही भोक नाही अशी तिजोरी निरुपयोगी असते. आतल्या खोलीकडून काम करून घ्यायचे तर बाहेरून चिठ्ठी आत जायला हवी आणि उत्तर बाहेर यायला हवे. आपल्या फोनमधल्या बहुतेक प्रक्रियकांत असलेली ‘ट्रस्टझोन’ ही रचना घ्या. तीत एकच प्रक्रियक आळीपाळीने बाहेरच्या आणि आतल्या जगात काम करतो. बाहेरच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलमधला ‘ड्रायव्हर’ नावाचा कार्यक्रम चिठ्ठी सामायिक स्मृतीत ठेवतो आणि एक खास आज्ञा देतो. त्या आज्ञेसरशी प्रक्रियक आत जातो. ड्रायव्हर म्हणजे खिडकीवर कागद नेणारा शिपाई. आतल्या खोलीची सुरक्षितता भिंतीच्या जाडीइतकीच या खिडकीवर कोणत्या चिठ्ठ्या स्वीकारल्या जातात यावर ठरते.

पहिली चूक चिठ्ठीच्या मजकुरातच होते. समजा, खिडकीवर ‘या मजकुरावर सही करून दे’ अशी चिठ्ठी चालते. किल्ली कधीच बाहेर येत नाही, आणि तरी ही खिडकी धोक्याची आहे. बाहेरच्या संगणकात शिरलेला लबाड कार्यक्रम आजीचा काल टिपून ठेवलेला ठसा आज खिडकीवर ठेवील आणि आतली खोली त्यावर इमानदारीने सही करून देईल. किल्ली चोरावी लागली नाही. किल्लीचे काम मात्र चोराने करून घेतले. प्राधिकरणाच्या पहिल्या पातळीच्या अटीत दोन गोष्टी आहेत त्या यासाठीच: बाहेरच्या कार्यप्रणालीला गुप्त किल्ली मिळता कामा नये, आणि तिला बाहेरून ठसा आत घुसवताही येता कामा नये. चर्चेत पहिली अट सतत येते, दुसरी क्वचितच. खरी चिठ्ठी हवी ती अशी: ‘तूच बोट टिपून घे आणि बंद लिफाफा दे.’ त्यासाठी काचेखालच्या संवेदकाची तार थेट आतल्या खोलीत गेली पाहिजे. ती कर्नलमार्गे जात असेल, तर भिंत कितीही जाड असो, तिचा उपयोग नाही.

दुसरी चूक वेळेची. शिक्षकांना देयके चांगलीच परिचयाची असतात. कल्पना करा, एखाद्या कचेरीत कारकुनाने टेबलावरचे देयक तपासले, ‘ठीक आहे’ म्हटले आणि शिक्का आणायला तो आत गेला. तेवढ्यात कोणी रकमेपुढे एक शून्य वाढवले. कारकुनाने परत येऊन शिक्का मारला. सामायिक स्मृतीत नेमके हेच घडू शकते, कारण ती जागा बाहेरच्या जगालाही लिहायला खुली असते. आतल्या खोलीने मजकूर तपासला आणि वापरताना पुन्हा तिथूनच वाचला, तर तपासणी वाया गेली. उपाय सोपा आहे: आधी स्वतःच्या जागेत नक्कल करावी, मग नक्कल तपासावी आणि तीच वापरावी. उपाय सोपा असूनही ही चूक वारंवार होते, कारण नक्कल करण्यात वेळ जातो आणि वेगाचे आकडे जाहिरातीत छापता येतात.

तिसरी चूक अधिकाराची. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एका लेखात तिला ‘गोंधळलेला मुखत्यार’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांच्या उदाहरणात एका भाषांतरक कार्यक्रमाला हिशेबाच्या फाइली ठेवण्याच्या जागेत लिहिण्याची मुभा होती. वापरणाऱ्याने आपला मजकूर लिहिण्यासाठी म्हणून बिलांच्या फाइलीचेच नाव दिले आणि कार्यक्रमाने ती फाइल पुसून टाकली. अधिकार कार्यक्रमाचा, इच्छा परक्याची! २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बूमरँग’ या नावाने दाखवून दिले, की आतल्या खोलीचाही असा मुखत्यार होऊ शकतो. बाहेरचा सामान्य कार्यक्रम चिठ्ठीत कर्नलच्या स्मृतीचा पत्ता लिहितो. आतल्या खोलीला सगळीकडे वाचण्या-लिहिण्याचा अधिकार असतो, पण कोणते पान कोणाचे हे तिला माहीत नसते. ते फक्त कर्नलला ठाऊक असते. म्हणजे तो पत्ता चिठ्ठी लिहिणाऱ्याच्याच मालकीचा आहे काय, हे पाहणे ड्रायव्हरचे काम. आतल्या खोलीने ड्रायव्हरवर विसंबू नये हे खरे. पण ड्रायव्हरनेही आतली खोली विश्वासू आहे म्हणून आपली तपासणी सोडू नये.

चांगले कामही झाले आहे, तेही सांगितले पाहिजे. आतल्या खोलीसाठीची ‘ऑप-टी’ ही कार्यप्रणाली २०१४ साली मुक्त स्वरूपात सर्वांपुढे आली. २०१७ साली लिनक्स कर्नलच्या ४.१२ या आवृत्तीत अशा खोल्यांशी बोलण्याची एक सामाईक पद्धत आली. त्यामुळे प्रत्येक कारखानदाराने आपापली खिडकी गुपचूप कोरण्याचे कारण कमी झाले. मात्र सामाईक पद्धतीमुळे कागद नेण्याची वाट एक झाली; कागदावर काय मागायचे आणि काय नाकारायचे हे अजून प्रत्येक रचनाकाराच्या विवेकावर आहे.

‘ट्रस्टेड’ या शब्दाचे भाषांतर ‘विश्वासार्ह’ असे केले जाते, तेही आम्हांला पटत नाही. विश्वासार्हता सिद्ध व्हावी लागते. तंत्रज्ञांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच, की सगळी भिस्त या भागावर आहे. तो चुकला तर वाचवणारे मागे कोणी नाही. हा गुणगौरव नव्हे, ही धोक्याची सूचना आहे. शिवाय कोणी अंगठ्याची हुबेहूब प्रतिकृती काचेवर ठेवली, तर ती ओळखणे हे खिडकीचे कामच नाही. त्यासाठी निराळी व्यवस्था लागते.

ज्यांचा अंगठा घेतला जातो त्यांच्या वतीने म्हणून एक मागणी रास्त ठरते. यंत्र विकताना भिंतीचे वर्णन पुरे नाही. खिडकीवर कोणकोणत्या चिठ्ठ्या स्वीकारल्या जातात त्यांची यादी प्रसिद्ध व्हावी. ती लहान असावी, आणि प्रत्येक चिठ्ठीपुढे लबाड माणसाने ती दिली तर काय होईल हे लिहिलेले असावे.

वर्गात हा विषय एका तासिकेत घेता येतो. एका विद्यार्थ्याला शिक्का देऊन पडद्याआड बसवा, दुसऱ्याला चिठ्ठ्या नेणारा शिपाई करा, आणि उरलेल्या वर्गाला चिठ्ठ्या लिहून खोटा कागद शिक्का मारून आणायला सांगा. शिक्का कोणी हिसकावायचा नाही एवढाच नियम. वर्ग जिंकला, की सर्वांनी मिळून चिठ्ठ्यांचे नियम लिहावेत आणि खेळ पुन्हा सुरू करावा. दुसऱ्या फेरीत मुले जे नियम बदलतील, त्यांची टाचणे शिक्षकांनी जरूर जपून ठेवावीत.