परमुलूख आणि मंडळी : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

स्थलांतरितांच्या वाङ्मयाविषयी मराठीत जी चर्चा होते, तीत 'परदेश' ही संकल्पना प्रायः भौगोलिक अर्थानेच वावरते. समुद्र ओलांडला, भाषा बदलली, हवामान बदलले, की परदेश सुरू होतो, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक एकदा मान्य केले, की ख्रिस्ती झालेल्या दांपत्याने परक्या मुलखात घर आणि चर्च यांच्याशी कसे जुळवून घेतले, या विषयासाठी मराठी वाचकाला अमेरिकेतील वा इंग्लंडमधील एखादी कहाणी शोधावी लागेल. वास्तविक या विषयावरील मराठीतील सर्वांत समर्थ संहिता कोणताही समुद्र ओलांडत नाही. ती नगर जिल्ह्यात घडते.

बेलापूर हे प्रवराकाठचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावर त्याचे नाव लावणारे स्थानक आता श्रीरामपूर शहरात आहे. तेथून नगरच्या दिशेने निघाले, की काही स्थानकांनंतर राहुरी लागते. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या ख्रिस्ती संसाराचा मोठा भाग नगर आणि राहुरी या टापूत गेला. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातले. नकाशावर पाहता हे अंतर एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाला पेलणारे. तरीही 'स्मृतिचित्रे'तील निवेदिका ज्या ठिकाणी येऊन पोहोचते, ते ठिकाण तिच्या दृष्टीने विलायतेहून दूर आहे. कारण विलायतेला गेलेला माणूस प्रायश्चित्त घेऊन परतू शकत होता, आणि त्या काळी तसे परतलेही.

एडवर्ड सैद यांनी १९८४ सालच्या आपल्या निबंधात निर्वासित, शरणार्थी आणि स्वेच्छेने परदेशी राहणारा यांत भेद केला आहे. टिळक दांपत्याला यांपैकी कोणता शब्द लावावा? टिळकांनी मुलूख स्वेच्छेने सोडला. लक्ष्मीबाईंना तो सोडावा लागला. एकाच संसारातील दोन माणसे दोन वेगळ्या संज्ञांत मोडतात, ही 'स्मृतिचित्रे'ची खरी गोम आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या सुमारे पाच वर्षांतील काही काळ त्या पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने राहिल्या आणि काही काळ नवऱ्याजवळ राहूनही हिंदूच राहिल्या. म्हणजे नवरा आधीच एका देशाचा नागरिक झालेला, आणि बायको त्याच घरात परकी. स्थलांतराच्या वाङ्मयात नवरा आधी जाऊन बिऱ्हाड मांडतो आणि बायको मागाहून जाते, हा प्रसंग परिचयाचा आहे. येथे मात्र मागाहून जाणारीला बिऱ्हाडात शिरण्यापूर्वीच दारात थांबून विचार करण्याचा अवकाश मिळतो, आणि ती तो सोडत नाही.

या अवकाशाला एक कायदेशीर बाजूही होती, जिच्याकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा मालमत्तेवरील हक्क राखला होता. १८६६ च्या कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले : धर्मांतरामुळे जोडीदाराने संबंध तोडल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयामार्फत विवाह संपुष्टात आणता येऊ लागला. गौरी विश्वनाथन यांच्या १९९८ सालच्या ग्रंथात धर्मांतर हे केवळ श्रद्धेचे नव्हे, तर नागरी अस्तित्वाचेही स्थित्यंतर कसे होते, याची चर्चा आहे. त्या ग्रंथातील एक प्रकरण पंडिता रमाबाईंवर आहे. टिळकांपुढे हा कायद्याचा मार्ग खुला होता. त्यांनी तो घेतला नाही. ते थांबले. हे थांबणे लक्षात घेतल्यावाचून 'स्मृतिचित्रे'तील विरहाचे प्रसंग वाचणे म्हणजे त्यांना एका कुटुंबाच्या दुःखापुरते आकुंचित करणे होय. त्या प्रसंगांत पत्नीच्या रडण्याइतकेच नवऱ्याचे न केलेले एक कृत्यही आहे, आणि ते निवेदनाबाहेर राहूनच निवेदनाला आकार देते.

'स्मृतिचित्रे'चे वर्णन करताना 'निर्व्याज', 'साधे', 'घरगुती' ही विशेषणे पिढ्यान् पिढ्या योजली गेली आहेत. टिळकांच्या चरित्रासाठी साधन म्हणून आठवणी लिहाव्यात, असा मुलाचा, देवदत्त टिळकांचा, आग्रह होता. त्यातून हे लेखन घडले आणि १९३४ पासून ते भागाभागाने ग्रंथरूपात आले, ही निर्मितीकथाही या विशेषणांना पोषकच ठरली. आई आठवणी सांगते आहे, त्यात कलेचा प्रश्न येतो कोठे! परंतु या कथित साधेपणाची तपासणी केली, तर एक गोष्ट ताबडतोब जाणवते. निवेदिका नवऱ्याचा उल्लेख 'टिळक' असा करते. त्या पिढीतील ब्राह्मण स्त्रीच्या तोंडी नवऱ्यासाठी असणारी सर्वनामे आणि आडवळणे तिला ठाऊक नव्हती, असे नव्हे. 'टिळक' म्हणताना ती त्यांना सार्वजनिक व्यक्ती म्हणून, काहीशा अंतरावर उभे करते. हे अंतर आदराचेही आहे आणि चौकशीचेही. पाच वर्षे दुसऱ्या तीरावर राहिलेल्या माणसाकडे पाहण्याची ही दृष्टी आहे.

या दृष्टीचे सर्वांत बोलके रूप म्हणजे विनोद. नव्या मुलखात आलेला माणूस यजमानांना हसू शकत नाही. फार तर स्वतःला हसतो. लक्ष्मीबाई दोघांनाही हसतात. बाजारातून आलेली वस्तूही धुऊन घेतल्याखेरीज घरात न घेणारे वडिलांचे सोवळे त्यांच्या लेखणीतून सुटत नाही, आणि ख्रिस्ती घरात हातचे राखून ठेवलेले स्वतःचे सोवळेही सुटत नाही. पुढे ते गळून पडते, तेव्हाही जात ही माणसाची करणी आहे हा निष्कर्ष कोणा मिशनऱ्याच्या उपदेशाचे फळ म्हणून येत नाही. तो त्यांच्याच डोक्यात चाललेल्या वादाचा शेवट म्हणून येतो. धर्मांतराच्या कथेत सहसा एक प्रकाशाचा क्षण असतो. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'चे नावच तसे आहे. 'स्मृतिचित्रे'त असा अरुणोदय नाही. स्वयंपाकघर, पाणी, शिवाशीव यांतून हळूहळू उजाडत गेलेले आहे.

आता चर्चकडे वळता येईल. मराठी ख्रिस्ती परिभाषेत चर्चमधील समुदायाला 'मंडळी' म्हणतात. जुन्या बोलीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको. या दोन अर्थांचा योगायोग कोशकाराला किरकोळ वाटेल, पण टिळक दांपत्याच्या बाबतीत तो प्रश्नाच्या मुळाशी जातो : ज्या मंडळीत टिळक गेले, तीत त्यांची मंडळी नव्हती. आणि ती मंडळी होती तरी कोणाची? १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारखे मिशनरी पत्नीसह येथे राहिले, मराठी शिकले, मराठीत गीते रचली. या जोडप्यांच्या दृष्टीने नगर हाच परदेश. पुढच्या पिढीत मात्र हे समीकरण उलटेसुलटे होते. टिळकांनी ज्या थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकविले, तिचे संस्थापक रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला होता. जन्माने मुंबईकर असलेला अमेरिकन येथे यजमान आहे आणि कोकणात जन्मलेला मराठी कवी पाहुणा. पगार देणारा कोण आणि घेणारा कोण, यावर कोण परका हे ठरते, जन्मस्थानावर नव्हे. टिळकांना हे सलत होते, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापण्यापर्यंत हे सलणे त्यांना घेऊन गेले. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. पाच वर्षे बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ती घरात वावरण्याचा अनुभव या दांपत्याच्या पदरी होता, याची येथे आठवण ठेवावी.

तुलनेसाठी रमाबाईंचे उदाहरण घेता येते. १८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील अँग्लिकन भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा वाद आहे. रमाबाई खऱ्याखुऱ्या परदेशात आहेत, म्हणून त्यांचा वाद उघड होतो. यजमान समोर आहे, त्याची भाषा वेगळी आहे. नगरमध्ये यजमानांनीही मराठीच स्वीकारली होती, त्यामुळे वादाला सरळ तोंड फुटत नाही. तो छंदाच्या पातळीवर उतरतो. इंग्रजी चालींवर बसविलेल्या मराठी शब्दांची ओढाताण ज्यांनी रविवारच्या उपासनेत ऐकली आहे, त्यांना टिळकांच्या अभंगांनी आणि भजनांनी काय केले हे वेगळे सांगावे लागत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती. लक्ष्मीबाईंनी कीर्तने केली आणि टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले. भालचंद्र नेमाडे यांनी १९८३ साली मांडलेल्या देशीयतेच्या चौकटीत ही उदाहरणे सहज बसतात, कदाचित जरा जास्तच सहज. कारण देशीयतेचा विचार परक्याला आपलेसे करण्याची प्रक्रिया पाहतो; 'आपले' कोणाचे, हा प्रश्न तो पुरेसा विचारत नाही.

आणि येथेच 'स्मृतिचित्रे'ची, तसेच तिच्या आजवरच्या वाचनाचीही मर्यादा उघडी पडते. नगर जिल्ह्यातील मंडळी बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतून आलेली होती. टिळक दांपत्य मिशनऱ्यांच्या घरी जितके पाहुणे होते, तितकेच या लोकांच्या चर्चमध्येही होते. किंबहुना येथले जुने रहिवासी हेच. अभंग आणि कीर्तन ही ब्राह्मण कवीने चर्चला दिलेली देणगी, असे सांगितले जाते, तेव्हा गावकुसाबाहेरच्या या माणसांकडे स्वतःची भजने, स्वतःचे डफ-एकतारी होते, याचा विसर पडतो. लक्ष्मीबाई प्रांजळ आहेत. आपला विटाळाचा संकोच त्या लपवीत नाहीत. परंतु त्यांच्या संकोचाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईला काय वाटले असेल, हे त्यांच्या पुस्तकात नाही. 'ब्राह्मणीण आपल्यात आली' या घटनेची तिच्या बाजूची आठवण कोणी लिहिली नाही, आणि मराठी समीक्षेने तिची उणीवही कधी नोंदविली नाही. हा दोष लेखिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आत्मकथन स्वतःचेच असते. पण समीक्षेला ही सबब नाही.

श्रीरामपूरनजीक हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. कॅथलिक परंपरेतील ही यात्रा, लांबलांबच्या गावांहून पायी चालत येणारे भाविक आणि नवस, हे दृश्य पाहिले की कोणी कोणाला देशी केले, याचे उत्तर टिळकांच्या अभंगांपुरते देता येत नाही. त्या पायवाटेची संहिता अजून लिखित झालेली नाही इतकेच.

'स्मृतिचित्रे'च्या अनुवादांची शीर्षके या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. शांता गोखले यांच्या २०१७ मधील अनुवादाने मूळ शीर्षक राखून उपशीर्षकात तिला बाणेदार पत्नी म्हटले. त्याआधी, १९५० साली, जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेला अनुवाद 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाला. प्रथमदर्शनी हे नाव पतीच्या पाठोपाठ जाणाऱ्या स्त्रीचे वाटते, आणि मराठी वाचकाला ते खटकते. परंतु हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतात, आणि तेथे बोलणारा पौल कोणा माणसाच्या मागे जात नाही. आपण अजून पोहोचलो नाही, असे तो सांगतो आहे.