दिनविशेषांतील १९ फेब्रुवारी

एकाच तारखेस निरनिराळ्या सालीं घडलेल्या जन्म, मृत्यु व इतर ठळक घटनांची यादी ‘दिनविशेष’ या मथळ्याखालीं देण्याची प्रथा दिनदर्शिकांतून व वृत्तपत्रांतून आतां सर्वत्र रूढ झाली आहे. सामान्य वाचकास इतिहासाची गोडी लागावी हा तिचा हेतु स्तुत्य होय, व करमणुकीच्या संग्रहावर शस्त्र उपसण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु याच याद्यांतील तारखा हस्तलिखितांच्या सूचींत व जुन्या पत्रांच्या टिपणांत जशाच्या तशा उतरल्या जाऊं लागल्या, तर मात्र त्यांची परीक्षा करणें प्राप्त आहे.

उदाहरणार्थ १९ फेब्रुवारी घेऊं. या तारखेखालीं कोपर्निकसचा जन्म (१४७३), शिवाजीमहाराजांचा जन्म (१६३०) व गोपाळ कृष्ण गोखले यांचा मृत्यु (१९१५) या तीन नोंदी शेजारींशेजारीं बसविलेल्या असतात. प्रत्येक नोंद आपल्या जागीं बरोबर आहे. चूक आहे ती त्यांना एका ओळींत बसविण्यांत. पहिल्या दोन तारखा ज्यूलियन, म्हणजे जुन्या गणनेच्या, आणि तिसरी आज चालू असलेल्या ग्रेगोरियन गणनेची. आजच्या गणनेनें कोपर्निकसचा जन्म २८ फेब्रुवारी १४७३ रोजीं व महाराजांचा १ मार्च १६३० रोजीं येतो. म्हणजे या तिघांपैकीं १९ फेब्रुवारी खरोखर एकट्या गोखल्यांचीच राहते.

महाराजांच्या जन्मसालाचा जुना वाद येथें उकरावयाचा नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्धीस आणल्यापासून शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार ही मिति पुढें आली. परमानंदाच्या शिवभारतांतही शक, मास व तिथि हींच आहेत. आमच्या मुद्द्यास महत्त्वाचा आहे तो वार. आजच्या कॅलेंडरावरून मागें मोजीत गेल्यास १९ फेब्रुवारी १६३० रोजीं मंगळवार येतो! एवढ्यावरून कोणी शकावलीकारास खोटें ठरवूं पाहील, तर दोष शकावलीचा नसून मोजणाराचा होय. जुन्या गणनेच्या १९ फेब्रुवारीस, म्हणजेच नव्या गणनेच्या १ मार्चास, शुक्रवारच होता. तारखा बदलल्या तरी वारांची सांखळी कोठेंही तुटली नाहीं. म्हणून वार हा या कामीं सर्वांत भरंवशाचा साक्षीदार आहे.

जुनी गणना आपल्या इतिहासग्रंथांत शिरली ती इंग्रजी साधनांमुळें. सतराव्या शतकांतील इंग्रज वखारवाले तीच वापरीत. इंग्लंडनें ती सोडली १७५२ सालीं, व त्या वर्षीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं १४ सप्टेंबर लिहिला गेला. पोर्तुगीजांनीं मात्र नवी गणना सोळाव्या शतकांतच स्वीकारली होती. त्यामुळें अफजलखानाच्या वधाचा दिवस इंग्रजांच्या पद्धतीनें १० नोव्हेंबर १६५९, तर गोव्याच्या पद्धतीनें २० नोव्हेंबर येतो. आपल्या मितीनें तो दोहोंकडे मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१ हाच. शिवाय त्या काळीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चास लागत असे. महाराजांच्या जन्मदिवशीं सुरतेच्या एखाद्या इंग्रजानें पत्र लिहिलें असतें, तर त्यावर साल १६२९ पडलें असतें.

पेशवाईंत घोंटाळा वाढतो. थोरल्या बाजीरावांचा मृत्यु २८ एप्रिल १७४० रोजीं झाला असें लिहितात, ती तारीख जुनी. नवी ९ मे. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही मात्र मुळांतच नवी. तेव्हां सरसकट अकरा दिवस मिळविण्याचा नियम करणारा पानिपतचें युद्ध २५ जानेवारीस नेऊन ठेवील! उत्तरेकडील कागदांत पौर्णिमान्त महिने असल्यानें आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र वदि तृतीया होते, हेंही जातां जातां ध्यानांत ठेवावें.

उत्सव कोणत्या दिवशीं करावा हा प्रश्न निराळा. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी धरली आहे, कित्येक लोक तिथीनें जयंती करितात; उत्सवास दोन्ही चालतील. आमच्या मतें तिथि मूळ साधनास अधिक जवळची, इतकेंच. सूचिकारानें मात्र प्रथम कागदावरील मिति अक्षरशः उतरावी, तींतील वार निरर्थक समजून गाळूं नये, आणि मग इंग्रजी तारीख देणें असल्यास तिच्यापुढें ‘जु.’ अथवा ‘न.’ असें गणनेचें चिन्ह घालावें. जेथें मुळांत वारच नाहीं, तेथें इंग्रजी तारीख कंसांत ठेवावी.