'न तडकणारी' काच

'बोरोसिल काच उष्णतारोधक असते, म्हणून ती तडकत नाही', अशा अर्थाचे वाक्य शाळेच्या प्रयोगवह्यांत हमखास सापडते. या छोट्या वाक्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष नावाचा. बोरोसिल हे १९६२ साली सुरू झालेल्या भारतीय कंपनीचे नाव आहे. पदार्थाचे नाव बोरोसिलिकेट. ही काच जर्मनीत ऑटो शॉटने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केली.

दुसरा दोष कारणाचा. काच नुसत्या उष्णतेने तडकत नाही. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४६ अंशांवर जातो, तरी खिडकीची साधी काच शाबूत राहते. पण पेटत्या कंदिलाच्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडला, की ती तडकते. थेंबाखालचा भाग आकसू पाहतो, भोवतालचा गरम भाग त्याला आकसू देत नाही आणि ताण निर्माण होतो. साध्या काचेत सोडियम सिलिकाचे जाळे जागोजागी तोडतो, त्यामुळे ती जास्त प्रसरण पावते. बोरोसिलिकेटमध्ये सुमारे ८० टक्के सिलिका व १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते. बोरॉन स्वतःच जाळ्यात गुंफला जातो व सोडियम कमी पुरतो. परिणामी प्रसरण, आणि त्याबरोबर ताणही, साधारण एक तृतीयांश होतो.

तिसरा दोष धोक्याचा. ताण कमी होतो, नाहीसा होत नाही. चरा गेलेली परीक्षानळी किंवा ओल्या ओट्यावर ठेवलेले तापलेले चंचुपात्र तडकू शकतेच. कढत, तीव्र कॉस्टिक सोडाही ही काच हळूहळू खातो. 'तडकत नाही' असे शिकलेला विद्यार्थी नळीवर चेहरा झुकवून उभा राहतो.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी फुटलेली नळी लवकर बदलून मिळत नाही, म्हणून आहेत त्या नळ्या ओळखता यायला हव्यात. नळी शेंगदाणा तेलात भरून बुडवा. दोन्हींचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने बोरोसिलिकेट जवळजवळ दिसेनाशी होते, साधी काच (१.५२) स्पष्ट दिसत राहते. ती तापवण्यासाठी वापरू नये. चरा गेलेली नळी मात्र कोणतीही असो, बाजूलाच ठेवावी.

प्रयोगवहीत वाक्य असे हवे : बोरोसिलिकेट काच कमी प्रसरण पावते, म्हणून तापमानातला अचानक बदल ती अधिक सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे.