मागचा माणूस

रॉबर्ट पर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये जितकं फिरतं तितकं वाचलं जात नाही. पहिली पन्नासेक पानं सगळे वाचतात. पुढे प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल सुरू झाले की पीडीएफ मिटते. १२१ प्रकाशकांनी नाकारलेलं हे पुस्तक १९७४मध्ये आलं आणि लाखोंनी खपलं, ही कहाणी मात्र पुस्तक न वाचलेल्यांनाही पाठ असते, कारण ती एका रीलमध्ये बसते. पुस्तक स्वतः तसं प्रेरणादायी वगैरे नाही. ते दुरुस्तीबद्दल आहे. बिघडलेली वस्तू नीट करण्याच्या कामाला इतक्या गांभीर्याने घेणारी पुस्तकं कुठल्याही भाषेत थोडीच असतील. म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते.

गोष्ट साधी आहे. तांत्रिक मॅन्युअल्स लिहून पोट भरणारा निवेदक आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे मोटरसायकलवर निघतो. अर्ध्या वाटेपर्यंत जॉन आणि सिल्विया हे मित्र जोडपं दुसऱ्या गाडीवर सोबत असतं. वाटेत निवेदक आपल्याशी बोलत राहतो. आपल्याकडच्या कीर्तनासारखं, थोडं निरूपण, थोडं आख्यान, पुन्हा निरूपण. आख्यानाचा नायक ‘फीड्रस’ म्हणजे निवेदकाचंच जुनं रूप. गुणवत्ता म्हणजे नेमकं काय, या प्रश्नामागे लागून त्याचं मानसिक संतुलन गेलं आणि विजेच्या धक्क्यांच्या उपचारांत तो पुसला गेला. हा फीड्रस मध्यंतरी बनारस हिंदू विद्यापीठातही शिकून आलेला असतो. जग ही माया आहे असं शिकवणाऱ्या प्राध्यापकाला तो विचारतो, हिरोशिमा-नागासाकीवरचे बॉम्बही मायाच का? उत्तर होकारार्थी येतं. तो वर्गातून उठतो आणि परत जात नाही.

पर्सिगचं म्हणणं थोडक्यात असं: काळजी आणि गुणवत्ता ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत. ज्याला कामाची काळजी आहे त्याला गुणवत्ता दिसते, आणि ज्याला ती दिसते त्याच्या हातून काम चांगलं होतं. कोरड्या, बाजूला उभं राहून केलेल्या कामात वस्तूही बिघडते आणि माणूसही. ऐकायला पटतं. पण हे म्हणणं तो ज्या प्रसंगांवर उभं करतो, ते प्रसंग जवळ जाऊन बघायला हवेत. मी तीन घेतो: एक गॅरेज, एक नळ आणि एक स्क्रू.

गॅरेज आधी. निवेदकाच्या गाडीचं इंजिन धरतं म्हणून तो ती दुकानात देतो. तिथे मोठ्याने रेडिओ चालू आहे, पोरं हसतखिदळत आहेत, हातोडी-छिन्नीने झाकणं काढताना ती इंजिनचे भाग तोडतात. पुन्हा पुन्हा गाडी खोलूनही मूळ दोष सापडत नाही. शेवटी तो निवेदकालाच सापडतो: तेल पोचवणाऱ्या यंत्रणेतली एक छोटी पिन तुटलेली असते, काही सेंटची. निवेदकाचा निष्कर्ष असा की ही पोरं कामात नव्हतीच, ती प्रेक्षक होती.

मी हे पुस्तक दोनदा वाचलं. कॉलेजात असताना लक्ष निवेदकाकडे होतं. दुसऱ्यांदा वाचलं ते गेल्या वर्षी, रात्रपाळीत, फोनवर, एका अलर्टपासून दुसऱ्या अलर्टपर्यंत. तेव्हा लक्ष गॅरेजमधल्या पोरांकडे गेलं. किती तास उभी होती ती? दिवसाला किती गाड्या काढायच्या होत्या? पगार तासावर होता की गाडीवर? निवेदक रेडिओचा आवाज टिपतो, चेहऱ्यावरचा भाव टिपतो, पण यातलं काही विचारत नाही. काळजी हा त्याच्या लेखी स्वभाव आहे, असला तर असला, नसला तर नाही. ती वेळेवर, झोपेवर आणि पैशांवरही अवलंबून असते, ही शक्यता चारशे पानांत त्याला गंभीरपणे सुचत नाही.

आणि तरी हे पुस्तक अवेळीच लिहिलेलं आहे. पर्सिग पहाटे दोनला उठून सहापर्यंत लिहायचा आणि मग नोकरीवर जायचा. म्हणजे पेंगुळलेलं शरीर त्याला ठाऊक होतं. पुस्तकात मात्र ते उतरलं नाही. पुस्तकातला प्रवास सुट्टीतला आहे. गाडी स्वतःची, रस्ता आवडीचा, पुढच्या गावी वेळेत पोचलंच पाहिजे असं काही नाही. अशा वेळी यंत्राशी मन लावून वागणं सोपं असतं.

आमच्या कामात पर्सिगच्या उलट परिस्थिती असते. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं एक तास मागे गेली की आमचे साडेसात. म्हणजे तिकडे कुणीतरी घड्याळाचा काटा फिरवला की इकडे एका अख्ख्या मजल्याची झोप, जेवण आणि परतीची कॅब सरकते. या कामातलं नवं काही बांधणं थोडं, बांधलेलं चालू ठेवणं जास्त. दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड तिसऱ्यासाठी रात्री दोनला नीट करायचा. मालकी कुणाचीच नाही.

प्रोग्रामरकडे ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड असते. कोडमधली कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली, ते ती दाखवते. नावातच दोषारोप आहे, आणि वापरही बहुतेक तसाच होतो. आधी ओळ बघून कपाळाला हात, मग नाव बघून शिवी. पण नावाशेजारी वेळही असते. तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेल्या, नाव धड न दिलेल्या एका फंक्शनपुढे मी एकदा वेळ पाहिली: पहाटेचे ३:४७. पर्सिगच्या हिशेबात हा माणूस प्रेक्षक. मला तो झोप आवरत बसलेला माणूस वाटला, ज्याला सकाळी सहाच्या आत कुणाची तरी सिस्टीम चालू करून द्यायची होती आणि त्याने ती दिली. काम वाईट होतं, पण काळजी नव्हती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता नळ. पुस्तकाच्या सुरुवातीलाच जॉन-सिल्वियाच्या स्वयंपाकघरातला नळ टपकत असतो. जॉनने एकदा वायसर बदलून पाहिला, जमलं नाही, विषय संपला. निवेदकाला आश्चर्य वाटतं की यांना याचा त्रास कसा होत नाही. मग एकदा सिल्विया काहीतरी बोलत असते, नळ टपकत असतो, मुलं मध्येच येतात आणि ती त्यांच्यावर भडकते. निवेदक ओळखतो की हा राग खरा नळावरचा आहे. इथपर्यंत निरीक्षण अप्रतिम आहे. दाबलेला राग कुठून निघून कुणावर फुटतो, हे असं दोन-चार वाक्यांत पकडणं सोपं नाही. पण यानंतर तो लगेच उडी मारतो: हा राग नळावरचाही नाही, तो एकूण तंत्रज्ञानावरचा आहे.

का बरं? नळावरचा राग नळावरचाच का असू नये? तो टपकतो स्वयंपाकघरात. तिथे दिवसातला जास्त वेळ कोण असणार? जॉनने वायसर बदलल्यावर ‘विषय संपला’ तो जॉनचा. सिल्वियासाठी तो प्रत्येक मिनिटाला चालू होता. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला हे समजवावं लागणार नाही. पर्सिगला तंत्रज्ञान आणि माणूस यांच्यातली फट दिसते, पण एकाच घरातल्या दोन माणसांच्या तासांमधली फट त्याच्या नजरेतून निसटते.

तिसरा प्रसंग स्क्रूचा, आणि तो माझ्या मते पुस्तकातला सर्वांत चांगला. इंजिनच्या झाकणाचा एक स्क्रू अडकतो. जोर लावावा तर खाच फाटते. आता स्क्रूड्रायव्हरही बसत नाही. मॅन्युअलमध्ये या क्षणाबद्दल काही नसतं. पर्सिग म्हणतो की एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या त्या स्क्रूची किंमत आता अख्ख्या गाडीएवढी झाली, कारण तो निघत नाही तोवर गाडी निरुपयोगी. आणि हे अडकणं टाळायची गोष्ट नाही. इथेच थांबलात, धीर धरलात, तर तो स्क्रू खऱ्या अर्थाने पहिल्यांदा दिसतो. ज्याने ज्याने एखाद्या बगपुढे तीन तास घालवले आहेत, त्याला यातला प्रत्येक शब्द खरा वाटेल.

हे मला आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्यक्ष बघायला मिळालं. आमच्या सोसायटीला टँकरचं पाणी. त्यातले क्षार साचून बाथरूमचा नळ जाम झाला होता. प्लंबर सकाळी अकराला आला, म्हणजे माझ्या मध्यरात्री. त्याने पाना लावला, थोडा जोर देऊन पाहिला आणि लगेच काढून घेतला. म्हणाला, “क्षार तर आहेतच, पण मागच्या माणसाने गरजेपेक्षा जास्त आवळलाय.” मी म्हटलं, काय एकेक लोक असतात. तो म्हणाला, “घाईत असेल. नव्या बिल्डिंगीत एका दिवसात किती फ्लॅट काढायला लावतात, तुम्हाला नाही कळायचं.” मग त्याने सांध्यात तेल सोडलं, हलक्या हाताने दोन-चार ठोके दिले आणि निघून गेला. तासाभराने आला तेव्हा नळ फिरला. मधल्या वेळात तो वरच्या मजल्यावर कुणाचा तरी फ्लश नीट करून आला होता.

पर्सिगचा धीर आणि प्लंबरचा धीर एकच आहे. दोघांनाही माहीत आहे की जोर लावला तर खाच जाईल. फरक दोन ठिकाणी आहे. अडकलेल्या स्क्रूपुढे बसून राहणं प्लंबरला परवडत नाही, म्हणून तो थांबण्याचा वेळ दुसऱ्या कामात घालतो. आणि आपल्या आधीच्या माणसाचं वाईट काम बघून त्याला त्या माणसाचा दिवस दिसतो. हे दुसरं पर्सिगला त्या गॅरेजमध्ये जमलेलं नाही.

आपल्या भाषेत शिफ्टला ‘पाळी’ म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. शिफ्ट म्हणजे नुसतं सरकणं. पाळी म्हणजे तुमची वेळ, आणि ती आहे म्हणजे तुमच्या आधी कुणाची तरी होती आणि नंतर कुणाची तरी येणार. गिरणगावात एकच साचा एका पाळीच्या हातातून दुसऱ्या पाळीच्या हातात जायचा. खोल्यांमध्ये झोपायची जागाही तशीच आलटून पालटून वापरली जायची. पर्सिगच्या गाडीला असा दुसरा हात नाही. जो चालवतो तोच नीट करतो, आणि म्हणून दुरुस्तीला साधनेचं रूप देता येतं. जगातली बहुतेक दुरुस्ती पाळीने होते. तिच्यात मागच्याचं निस्तरायचं असतं आणि पुढच्यासाठी सोडून जायचं असतं.

‘झेन’शेजारी मला उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) ठेवावंसं वाटतं. वरवर दोन पुस्तकांचा काही संबंध नाही. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या, टोपल्या, रोवळ्या. लेखिकेची आई त्या विणायची आणि नवरा गेल्यावर त्यावर मुलं शिकवायची. आपल्या लेखनाचा धागा लेखिका आईच्या त्या विणण्याशी जोडते. इथेही हात, वस्तू आणि एकाग्रता आहे. पर्सिगला जे हवं ते सगळं आहे. पण आईचं विणणं शांत मनाचा दाखला म्हणून येत नाही. त्यात दारिद्र्य आहे, जात आहे, दुःख आहे, आणि विणल्याशिवाय चूल पेटणार नाही हे आहे. काळजी ही इथे निवड नाही. ‘आयदान’ वाचल्यावर ‘झेन’ खोटं पडत नाही, पण ते किती सुट्टीवर आहे, ते दिसतं.

मग ‘झेन’ वाचावं का? जरूर. ग्रीक प्रकरणं कंटाळवाणी वाटली तर भराभर उलटा, पण शेवट चुकवू नका, कारण माझ्या सगळ्या तक्रारींचं उत्तर पर्सिगने तिथे दिलेलं आहे, कदाचित ठरवून नसेल. पूर्ण प्रवासभर गाडीची साखळी, टॅपेट, तेल यांची काळजी घेणारा हा माणूस मागे बसलेल्या मुलाकडे जवळजवळ बघत नाही. ख्रिसचं पोट दुखतं, तो रडतो, विचित्र वागतो, आणि बाप निरूपण चालू ठेवतो. शेवटी दोघांमध्ये एकदाचं खरं बोलणं होतं. मग हेल्मेट काढलेली असताना ख्रिस मागच्या पायटेकूंवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला समोरचा रस्ता दिसतो. इतके दिवस, इतके मैल, त्याला फक्त बापाची पाठ दिसत होती.

खरा ख्रिस १९७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावरच्या हल्ल्यात मारला गेला. पुढच्या आवृत्तीत पर्सिगने त्याबद्दल लिहिलं. ते माहीत असताना हा शेवट वाचणं जड जातं. पण त्याआधीही, नुसतं पुस्तक म्हणून, तो शेवट बरंच काही सांगतो. गाडी उत्तम स्थितीत होती. मागे बसलेल्याला काय दिसतंय, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.